एक जिना राहिला होता

पास्टर,

तुम्ही गेलात त्याला अजून महिना व्हायचा आहे. तुमच्या मंडळीतली माणसं नंदाखालला घरी आली होती. म्हणाली, काका, पास्टरांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, सांगणार नाही, लिहीन. चौथीपर्यंत शिकलोय, पण अक्षर माझं चांगलं आहे. आणि तुमच्याशी बोलायचं तर मध्ये तिसरा माणूस कशाला? चुका निघतील त्या निघू देत. तुम्ही माझ्या चुका कधी काढल्या नाहीत. एकच काढलीत, आणि ती मी अजून मान्य केलेली नाही.

आधी माझी तक्रार ऐका. माझ्या आधी जायचं तुमचं काम नव्हतं. वयाने मी मोठा, म्हणजे रांगेत मी पुढे. बिल्डिंगखाली टँकर आला की तुम्ही सगळ्यांच्या मागे उभे राहायचात, दोन म्हाताऱ्यांच्या कळशा आधी वर पोचवायचात आणि मग स्वतःची बादली भरायचात. कधी रांग मोडली नाहीत. मोडलीत ती एकदाच, आणि नको तिथे.

आमच्या कॅथलिक चर्चमध्ये तुमच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सांगायला गेलो होतो. आमचे फादर तरुण आहेत. म्हणाले, "इनासबाबा, पास्टर चांगले होते, पण ते आपल्यातले नव्हते ना?" मी म्हटलं, "माझ्यातले होते." फादरांनी मान खाली घातली आणि नाव लिहून घेतलं. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात.

पहिल्यांदा आलात तो मे महिना मला कालच्यासारखा आठवतो. फाटकाशी रिक्षा थांबली. आधी एक पत्र्याची ट्रंक उतरली, मग वळकटी, मग सुनंदाबाई, मग लहानगी रूथ आणि शेवटी तुम्ही. रिक्षावाला मीटर बंद करून बसून राहिला. ह्यांना आत घेतात की हाकलतात ते त्याला बघायचं होतं. सगळ्या गावाला माझा स्वभाव माहीत.

"मी पास्टर," तुम्ही म्हणालात. "माणिकपूरला राहतो. विल्सनच्या खालच्या मजल्यावर."

"कोण विल्सन?"

मागून माझी बायको रोजा म्हणाली, "तुमचा मुलगा, अजून कोण? नाव विसरलात काय?"

"त्याने सांगितलं, तुमच्या बागेतली खोली रिकामी असते," तुम्ही म्हणालात. "सुट्टीपुरती मिळेल का?"

"सुट्टीला माणसं महाबळेश्वरला जातात. तुम्ही माणिकपूरहून रिक्षाने नंदाखालला येता?"

"महाबळेश्वरला आमचं कोणी नाही, काका."

"मग इथे कोण आहे?"

तुम्ही नुसते हसलात. रोजाने तोपर्यंत रूथचा हात धरून तिला आत नेलंसुद्धा. रिक्षावाला निराश होऊन गेला.

खरं सांगतो, तुम्हाला कोणत्या खणात ठेवायचं ते मला कळेना. आमचे फादर लग्न करत नाहीत. बायको-मुलगी घेऊन सुट्टीला आलेला देवाचा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. रोजाला विचारलं, ह्यांच्याशी कसं बोलायचं? ती म्हणाली, "बायको आहे म्हणजे कुणाचं तरी ऐकायची सवय असेल. तुम्हाला नाही ती."

विल्सनचं आणि माझं काय झालं होतं ते तुम्हाला येण्याआधीच माहीत होतं. जे हे वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. आमची विहीर रस्त्याला लागून, माझ्या बापाने स्वतः खणलेली. स्टेशनकडे इमारती उठल्या आणि गावागावांतून टँकर पाणी उपसून नेऊ लागले. विल्सन म्हणाला, पप्पा, आपणही देऊ, सगळेच देतात. मी नाही म्हटलं. उपसा वाढला की समुद्र आत येतो. शेजारची विहीर मचूळ झालेली मी चाखून बघितली होती. तो म्हणाला, मग तुमची विहीर तुम्हीच सांभाळा, आणि लग्नानंतर माणिकपूरला फ्लॅटमध्ये गेला. मी म्हटलं, तुझ्या टँकरच्या पाण्याच्या घरात माझा पाय पडणार नाही आणि ते पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही. झालं. त्यानंतर बोलणं बंद. रोजा मात्र दर आठवड्याला दात दाखवायला म्हणून माणिकपूरला जायची. माणसाला एवढे दात नसतात हे मला कळत होतं. मी विचारत नव्हतो.

तुम्ही आलात तेव्हा आमची सुकेळी चालली होती. राजेळीचे घड पेंढ्यात पिकवायचे, केळी सोलायची, मांडवावर ओळीने उन्हात मांडायची, दिवसातून उलटायची, आणि ऊन कललं की एकेक गोळा करून पानांत गुंडाळून घरात न्यायची. सकाळी परत बाहेर. असं आठवडाभर केलं की केळ्याला मध सुटतो आणि सोन्याचा रंग चढतो. हल्ली हे कोणी करत नाही. मी करतो. विल्सनला ह्याचाही कंटाळा होता.

सुट्टीवर आलेला माणूस झोपतो, खातो, समुद्रावर जातो. तुम्ही दुसऱ्या दिवशी उजाडताच मांडवाशी येऊन उभे. "काका, काम द्या." मी म्हटलं, तुम्ही सुट्टीला आलाय. तुम्ही म्हणालात, "बसून राहिलो की त्रास होतो." केळं सोलताना तुमचे हात बघितले. नुसते पुस्तक धरलेले हात नव्हते ते. दगडाच्या, कमी पाण्याच्या मुलखात वाढलेल्या पोराचे हात होते.

विहिरीच्या काठावर एका संध्याकाळी तुम्ही ते सांगितलंत. तुमचे वडील, आबा, त्या वर्षी थंडीत वारले होते. नगरकडे गावाला एकटेच राहायचे. दर मे महिन्यात तुमच्यासाठी ओट्यावर बाजा टाकून ठेवायचे, घागर उंबऱ्यात भरून ठेवायचे. आणि तुम्ही जायचात ते उभ्या उभ्या. इकडे मंडळीत कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुणाचं बाळ दवाखान्यात.

"आबा म्हणायचे, देवाचं काम आहे, जा तू. एकदाही थांब म्हणाले नाहीत, काका. म्हणाले असते तर थांबलो असतो."

"नसता थांबलात," मी म्हटलं.

तुम्ही विहिरीत बघत राहिलात. मग म्हणालात, "नसतो थांबलो."

हे मला तुमचं फार आवडलं. दुसरा कोणी असता तर रागावला असता, नाहीतर देवाचं वचन काढून स्वतःची समजूत घातली असती. तुम्ही खरं ते खरं म्हणालात. आबा गेल्यावर मंडळीनेच तुम्हाला जबरदस्तीने अख्खी सुट्टी दिली होती. आयुष्यातली पहिली पुरी सुट्टी, आणि जायला घर नाही. म्हणून तुम्ही आमच्याकडे आलात. ज्याच्या बापाचं दार बंद झालं तो दुसऱ्याच्या बापाच्या दारात उभा राहिला. पाठवणारा माझाच मुलगा. हे मला तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय.

थोड्या वेळाने तुम्ही हळूच विचारलंत, "तुम्ही विल्सनला थांब म्हणाला होतात का?"

"तो ऐकायला थांबला नाही."

"म्हणजे म्हणाला नाहीत."

"पास्टर, उपदेश रविवारी."

तुम्ही हसलात. त्या दिवशी आपला वाद सुरू झाला. तो तुम्ही मिटवला नाहीत आणि मी मिटू दिला नाही.

मग तो गास गावच्या लग्नाचा दिवस. रोजाच्या भाच्याचं लग्न होतं, रात्री तिथेच राहायचं होतं. सुकेळी संपत आली होती, दोन उन्हं फक्त बाकी. तुम्ही म्हणालात, जा काका, मी आहे. मी निर्धास्त गेलो. मी कधी कुणावर मांडव सोडून गेलो नव्हतो. रोजासुद्धा माझ्याकडे बघत राहिली.

सकाळी पहिल्या एसटीने आलो तर मांडवावर एक काळी घोंगडी पसरलेली. तुम्ही तिच्याशेजारी उभे, अनवाणी. घोंगडी दवाने जड झालेली, वास आंबूस. उचलली तर खालची सगळी केळी पाणी सुटून लिबलिबीत, लोकरीचे केस चिकटलेले, मुंग्या लागलेल्या.

तुमच्या देशावर कुरडया, शेवया रात्रभर गच्चीवर ठेवतात. वर एखादं पांघरूण टाकलं की झालं. रात्रीचा वारा कोरडा. तुम्हाला वाटलं, ही केळी रोज पानांत कोंडून घामेजतात, आज रात्रभर वाऱ्यावर राहिली तर काका येईपर्यंत तयार होतील. इथली रात्र समुद्रावरून येते, ती कशालाच कोरडं ठेवत नाही. हे नगरच्या माणसाला कोण सांगणार? मला तर सांगायचं सुचलंही नाही. श्वास कसा घ्यायचा ते कोणी सांगतं का?

रोजाने कपाळाला हात लावून क्रूस केला. तिला वाटलं, आता हा माणूस पास्टरला रिक्षाशिवाय माणिकपूरला पोचवतो.

"काका, हे मी केलं," तुम्ही म्हणालात. "सुनंदा नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

मी विचारलं, "ही घोंगडी कोणाची?"

"आबांची. ते शेतात राखणीला न्यायचे. हिच्याखाली त्यांचं कधी काही भिजलं नाही."

"तुमच्या आबांच्या गावाला समुद्र नव्हता."

"नव्हता," तुम्ही म्हणालात, आणि हसायला गेलात. पण ते हसू मध्येच फुटलं. एवढा मोठा माणूस, शेकडो मयतींना दुसऱ्यांना धीर देणारा, आमच्या मांडवाचा बांबू धरून रडायला लागला. सुनंदाबाई नंतर म्हणाल्या, आबा गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदा रडलात. तोपर्यंत तुमचे डोळे मंडळीच्या सेवेला होते.

मी बादली उचलली. विहिरीचं पाणी काढलं, घोंगडी धुतली. मग एक टोक तुमच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं, आणि आपण ती पिळली. तुम्ही डावीकडे, मी उजवीकडे. लोकर फार पाणी पिते, पास्टर. पिळता पिळता आपण दोघं दमलो. मग केळ्यांच्या जागी मांडवावर ती पसरली. रूथ म्हणाली, "आजोबा, आता घोंगडीची सुकेळी होणार का?" आणि रोजा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुपारी जेवताना तुम्ही विचारलंत, "काका, तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत."

"तुमच्यावर रागावून काय करू? तुम्ही परके."

"आणि विल्सनवर?"

"तो माझा आहे."

तुमचा घास हातात राहिला. "हे त्याला सांगितलंत कधी?"

"त्याने यावं. आला की सांगेन."

"आबाही असंच म्हणत असतील. शमू आला की सांगेन."

शमुवेल हे तुमचं नाव मला त्या दिवशी कळलं. पास्टर म्हणून हाक मारणारे पुष्कळ होते. शमू म्हणणारा एकच होता आणि तो गेला होता. मी तुम्हाला त्या नावाने कधी हाक मारली नाही. जिभेवर यायचं, पण मला वाटायचं, ती जागा दुसऱ्याची आहे. आता वाटतं, मारली असती तर चाललं असतं. आबा काही आकाशातून भांडायला आले नसते.

त्यानंतर दर मे महिन्यात थोडे दिवस का होईना, तुम्ही येत राहिलात. दरवेळी ऊन उतरायच्या आत तुम्ही मांडव रिकामा करायचात आणि मला ओरडून सांगायचात, "काका, केळी घरात!" सगळ्या आळीला ऐकू जायचं. आणि मी हंगामाची पहिली सुकेळी घेऊन माणिकपूरला तुमच्या घरी यायचो. तुमच्या घरापर्यंत. विल्सन तुमच्याच डोक्यावर राहत होता, पण माझं येणं तुमच्याकडे होतं.

पाणी मी घेत नव्हतो. तुम्ही माझ्यासाठी शहाळं आणून ठेवायचात. माझ्या बागेत एवढे माड, आणि मी माणिकपूरला बसून विकतचं शहाळं पितोय! तुम्हाला सांगितलं तर म्हणायचात, "तुमच्या हट्टाची किंमत मी भरतोय काका, तुम्ही प्या."

पाण्यावरूनही आपण किती भांडलो. तुम्ही म्हणायचात, तहानलेल्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हणायचो, टँकरवाला तहानलेला नसतो, पास्टर. ह्यावर तुम्ही एक वर्षभर विचार केलात आणि पुढच्या मे महिन्यात आल्या आल्या म्हणालात, "टँकरवाल्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण विल्सन टँकरवाला नाही." वर्षभर ते वाक्य पोटात घेऊन फिरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी केळी उलटायला उठलो.

एका वर्षी तुमच्या घरी बसलो असताना छतावर पावलं वाजली. लहान पावलं, धावणारी. तुम्ही वर बोट केलंत. "तुमची नात. चालायला लागली." मी शहाळं खाली ठेवलं. मग दरवर्षी मी छत ऐकायचो. पुढच्या वर्षी ती पावलं उड्या मारायला लागली. त्याच्या पुढे काहीतरी घरंगळत नेऊ लागली, बहुतेक डबा. नात मोठी होताना मी कानांनी बघितली. तुम्ही त्या वेळेला बोलत नव्हतात, पंखासुद्धा बंद करायचात. निघताना दारापर्यंत यायचात आणि तेच म्हणायचात, "एकच जिना राहिलाय, काका."

"त्याने यावं," मी म्हणायचो, आणि खाली उतरायचो.

एक गोष्ट मला तुमच्या मातीच्या दिवशी रोजाने सांगितली. ती कधीतरी तुम्हाला म्हणाली होती, पास्टर, हे तुमच्याकडे येतील तेव्हा विल्सनलाही बोलवा, समोरासमोर आले की बोलतील. तुम्ही नाही म्हणालात. म्हणालात, "काकू, फसवून वर नेलेला माणूस रागाने खाली उतरतो. काका स्वतःच्या पायांनी चढतील." एवढी वर्षं चावी तुमच्या हातात होती आणि तुम्ही कुलूप मला उघडायला ठेवलंत. माझ्या हट्टाचा एवढा मान दुसऱ्या कोणी राखला नाही. बाकीचे मला हट्टी म्हणतात. तुम्ही तो हट्ट वागवलात.

मातीला तुमची पेटी विल्सनने धरली होती. पुढच्या बाजूला, उजवा खांदा. केस पिकलेत त्याचे, मला माहीत नव्हतं. मी मूठभर माती टाकायला पुढे झालो तेव्हा तो म्हणाला, "पप्पा, खाली ओलं आहे, सांभाळून." इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य. मी मान हलवली, बोललो नाही. गर्दी होती.

परवा मी सुकेळी घेऊन तुमच्या घरी गेलो. हंगामाची पहिली. नेहमीच्या सवयीने निघालो, वसईच्या एसटीत बसल्यावर लक्षात आलं की तुम्ही नाही. उतरलो नाही. सुनंदाबाईंनी दार उघडलं. शहाळं आणून ठेवलेलं होतं. तुमच्या खुर्चीवर आबांची घोंगडी घडी घालून ठेवली होती. त्यांनी उठून पंखा बंद केला.

वर पावलं वाजली. आता ती धावत नाहीत, मोठ्या मुलीची झाली आहेत. इकडून तिकडे गेली आणि थांबली.

मी पुडक्यातली अर्धी सुकेळी सुनंदाबाईंना दिली, अर्धी घेऊन उठलो. शहाळं तसंच ठेवलं. त्या म्हणाल्या, "रिक्षा बघू का, काका?" मी म्हटलं, नको. आणि दारातून बाहेर पडून वळलो ते वरच्या बाजूला. त्या दारात उभ्याच राहिल्या. तुम्ही उभे राहायचात तिथेच.

तो जिना काही मोठा नाही, पास्टर. पण माझे गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत. मध्ये कठड्याला धरून थांबलो. तुमचं वाक्य ऐकू आलं असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला फक्त दम लागला होता आणि घसा कोरडा पडला होता.

बेल वाजवली. विल्सनने दार उघडलं. बनियनवर होता, हातात वर्तमानपत्र. माझ्याकडे बघत राहिला. काय बोलायचं ते मी जिन्यावर ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"पाणी दे," मी म्हटलं.

तो आत धावला. हो, धावला, ह्या वयात. स्टीलचा पेला भरून आणला, घाईत अर्धं लादीवर सांडलं. उरलेलं मी सगळं प्यायलो. मचूळ होतं. तसं म्हटलं नाही. त्याच्यामागे एक उंच मुलगी उभी होती, तिचे पाय मी लगेच ओळखले.

तेव्हा एवढं तुम्हाला कळवायचं होतं. आपला वाद तुम्ही जिंकलात असं समजू नका, शमू. त्याने यावं, असं मी म्हणत होतो. दार उघडायला तोच आला.